मदत हवी आहे: टीबीच्या प्रतिबंधक गोळ्या घराबाहेर कुठे मिळतील? (इंदूर)

नमस्कार मंडळी. परदेशीपुऱ्याजवळच्या वस्तीत दोन आठवड्यांहून जास्त खोकला असणाऱ्यांना आम्ही काही जणी बेडका तपासायला पाठवतो. एका बाईंना फुप्फुसाचा टीबी निघाला. औषधं सुरू आहेत, निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद झाली, पोषणाचे महिना 1000 रुपये मिळतील.

अडलंय घरच्यांपाशी. नवरा आणि चार वर्षांचा मुलगा, तपासणीत दोघांनाही टीबी नाही. डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या लिहून दिल्यात. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त, म्हणून जीव टांगणीला लागलाय. पण आशाताई आल्या की घरमालक खोदून खोदून विचारतो. खोली जाईल या भीतीने नवरा दारच उघडत नाही. फोनवर समजावून झालं. त्याची रात्रपाळी असते, त्यामुळे दवाखान्याची वेळ जमत नाही.

अंगणवाडीतून किंवा दुसऱ्या केंद्रातून या गोळ्या घ्यायची सोय इथे कुणी करून घेतली आहे का? त्यासाठी नेमकं कुणाला भेटायचं?