एजंट ऑरेंज आणि पूर्वी नाकारलेला भरपाईचा दावा: पुन्हा अर्ज करावा का?

मृण्मयी:
नमस्कार. माझे सासरे अमेरिकेच्या लष्करात होते आणि १९६८-६९मध्ये त्यांची नेमणूक दक्षिण व्हिएतनाममध्ये होती. २०१६ साली त्यांना मूत्राशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. एजंट ऑरेंज या तणनाशकाच्या संपर्कामुळे तो झाला असावा, असे धरून त्यांनी माजी सैनिक खात्याकडे भरपाईचा दावा केला. पण आजाराचा लष्करी सेवेशी संबंध दिसत नाही, असे कळवून तो नाकारण्यात आला. कर्करोग आता आटोक्यात आहे, उच्च रक्तदाब मात्र बरीच वर्षे सोबत आहे. विषारी पदार्थांच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांसाठीच्या २०२२च्या पॅक्ट कायद्याने नियम बदलले असे ऐकते, तरी सासरे पुन्हा अर्ज करायला तयार नाहीत. फवारणी झाली तेव्हा आपण नेमके कोठे होतो हे आता कोणालाच दाखवता येणार नाही, असे ते म्हणतात. शिवाय एजंट ऑरेंजच्या नोंदवहीसाठीची वैद्यकीय तपासणी त्यांनी पूर्वीच करून घेतली आहे, त्यामुळे खात्याला जे कळायचे ते कळलेलेच आहे, अशी त्यांची समजूत आहे. एक खासगी सल्लागार कंपनी दावा तयार करून देण्यासाठी वाढीव भरपाईच्या काही महिन्यांच्या हप्त्यांइतके शुल्क मागते आहे. या वयात त्यांना पुन्हा या फेऱ्यात ओढावे का?

दिगंत:
मृण्मयीताई, ओढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सासऱ्यांना ज्या पुराव्याची धास्ती वाटते तो कायदा त्यांच्याकडे मागतच नाही.

सर्वसाधारण दाव्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज असलेला आजार, सेवेत घडलेली घटना आणि या दोहोंना जोडणारे वैद्यकीय मत. रासायनिक संपर्काच्या बाबतीत हा तिसरा दुवा जवळजवळ नेहमीच तुटतो. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने व्हिएतनाममध्ये सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली. त्यांतील एजंट ऑरेंजमध्ये उत्पादनाच्या वेळीच तयार होणारे टीसीडीडी नावाचे विषारी डायऑक्सिन मिसळलेले असे, आणि त्याचे परिणाम दिसायला कित्येक दशके लागू शकतात. कोणत्या सैनिकाच्या शरीरात ते किती गेले याची नोंद त्या वेळी कोणी ठेवलीच नव्हती, तेव्हा ती आता त्याच्याकडे मागण्यात काय अर्थ? म्हणूनच १९९१च्या एजंट ऑरेंज कायद्याने गृहीतकाची पद्धत पक्की केली. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात जो सैनिक व्हिएतनामच्या भूमीवर होता त्याला संपर्क झाला असे धरले जाते, आणि अशा संपर्काशी जोडलेल्या आजारांच्या ठरलेल्या यादीतला आजार असल्यास तो त्या संपर्कामुळेच झाला असेही धरले जाते. सासऱ्यांची व्हिएतनाममधील नेमणूक सेवामुक्तीच्या दाखल्यावरून किंवा सेवेच्या इतर कागदपत्रांवरून दिसली, आणि आजाराचे निदान जोडले, की तो तुटणारा दुवा कायदाच जोडून देतो.

२०१६मध्ये दावा फेटाळला गेला, कारण मूत्राशयाचा कर्करोग तेव्हा यादीत नव्हता. वास्तविक अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने त्याच्या बाजूचा पुरावा त्याच वर्षी पूर्वीपेक्षा वरच्या वर्गात टाकला होता. तरीही यादीत नाव यायला २०२१ साल उजाडले, आणि तेसुद्धा संसदेने कायद्यात तसे लिहिले म्हणून. आता महत्त्वाचा भाग. नेह्मर नावाच्या खटल्यातील न्यायालयीन आदेशांमुळे, व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाचा असा आजार नंतर यादीत आला, तर भरपाई जुन्या, नाकारलेल्या दाव्याच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते. खात्याने असे जुने दावे स्वतःहून तपासणे अपेक्षित आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. पूरक दावा, म्हणजे नाकारलेला दावा नव्या आधारावर पुन्हा तपासण्याचा अर्ज, दाखल करून २०१६च्या निर्णयाचा त्यात स्पष्ट उल्लेख करावा. उच्च रक्तदाब पॅक्ट कायद्याने यादीत आणला, त्यामुळे त्याचा दावा नवीन ठरेल.

रकमेबाबत एक खुलासा. अपंगत्वाची टक्केवारी दहाच्या पटीत ठरते आणि मासिक भरपाई तीवर अवलंबून असते. कर्करोग सक्रिय असताना शंभर टक्के धरले जातात. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी तपासणी होऊन पुढे उरलेल्या त्रासानुसार टक्केवारी ठरते. म्हणजे आज आजार आटोक्यात असला, तरी उपचारांच्या काळाची थकबाकी मोठी असू शकते. त्या वर्षांचे रुग्णालयाचे कागद आत्ताच मिळवून ठेवा.

अर्थबोध:
दिगंत यांचा सल्ला योग्य आहे, मात्र या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण सासऱ्यांच्या मनातली कटुता निराधार नाही. गृहीतक हे यादी, तारखा आणि नकाशा यांच्या चौकटीत बसवलेले असते, आणि चौकटीबाहेर राहिलेल्यांना आजाराचा सेवेशी संबंध स्वतःच सिद्ध करत बसावे लागते. किनाऱ्याजवळच्या समुद्रात जहाजांवर सेवा केलेल्या नौसैनिकांना ‘जमिनीवर पाय ठेवला नाही’ म्हणून वर्षानुवर्षे वगळले गेले. २०१९मध्ये न्यायालयाचा निकाल आणि पाठोपाठ स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा कोठे त्यांचा समावेश झाला. थायलंडमधील तळांवरच्या सरसकट सर्वांचा समावेश होण्यासाठी तर पॅक्ट कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

न्यायालयात थेट दाद मागण्याचा मार्गही अरुंद आहे. सेवेत झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर नुकसानीचा दावा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेरेस प्रकरणात १९५० सालीच ठरवून टाकले. म्हणून सैनिकांनी रसायन कंपन्यांना कोर्टात खेचले. १९८४ मध्ये सात कंपन्यांनी दोष मान्य न करता १८ कोटी डॉलरांची तडजोड केली. व्याजासह ती रक्कम सुमारे ५२ हजार जणांत वाटली गेली आणि सरासरी प्रत्येकाच्या हाती ३,८०० डॉलर आले. तेही एकदाच. त्या तुलनेत गृहीतकावर आधारलेली मासिक भरपाई, तिच्या सगळ्या दोषांसह, मला कितीतरी अधिक न्याय्य वाटते. माझा आक्षेप आहे तो ती द्यायला लागणाऱ्या वर्षांवर.

शरयू:
नोंदवहीविषयीचा गैरसमज आधी दूर करावा. १९७८पासून चालू असलेली ती तपासणी आरोग्याच्या माहितीसाठी आहे. ती म्हणजे दावा नव्हे, आणि तिच्यामुळे भरपाईची कोणतीही प्रक्रिया सुरू होत नाही. याच समजुतीपायी किती जणांचे हक्क तसेच पडून राहिले असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

उपचारांचा अर्ज हाही वेगळा विषय आहे. खात्याच्या आरोग्यसेवेसाठी स्वतंत्र नावनोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी भरपाईचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. नाव नोंदल्यावर विषारी संपर्काबाबत एक छोटी चाचणी-प्रश्नावली घेतली जाते आणि निदान दर पाच वर्षांनी ती पुन्हा घेण्याची तरतूद आहे.

खासगी सल्लागाराला मात्र नकार द्या. प्राथमिक दावा तयार करून देण्याबद्दल शुल्क घेणे नियमबाह्य आहे. अधिकृत वकीलही खात्याचा पहिला निर्णय झाल्यानंतरच्या कामासाठीच शुल्क आकारू शकतो. अमेरिकन लीजन, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू अशा माजी सैनिक संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हेच काम विनामूल्य करतात.

मृण्मयी:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. २०१६चे नकारपत्र सासूबाईंनी जपून ठेवले आहे, ते काल सापडले. एक शंका उरते, ती विचारायला संकोच वाटतो: दावा प्रलंबित असताना सासऱ्यांचे काही बरेवाईट झाले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल का?

दिगंत:
नाही. अशा वेळी पत्नीला एका वर्षाच्या आत अर्ज करून त्यांच्या जागी तोच दावा पुढे चालवता येतो. याशिवाय मृत्यू सेवेशी जोडल्या गेलेल्या आजारामुळे झाला असल्यास पत्नीला स्वतंत्र मासिक लाभ मिळतो. पण आजार सेवेशी जोडला गेल्याचा निर्णय हयातीतच झालेला असेल, तर सासूबाईंचे पुढचे काम बरेच सोपे होते. सासरे राजी होत नसतील, तर त्यांना हे कारण सांगून पाहा. रक्तदाबाच्या नव्या दाव्यासाठी ‘दावा करण्याचा इरादा’ कळवणारा अर्ज आजच भरता येईल. त्याने भरपाई ज्या तारखेपासून मोजायची ती तारीख राखली जाते आणि कागद जमवायला एक वर्ष मिळते. विवाहाच्या दाखल्याची प्रतही त्याच फाइलमध्ये ठेवा.