मदत हवी आहे: लखनभैया प्रकरणाची नोंद ‘चकमक’ म्हणून करावी, ‘कोठडीतला मृत्यू’ म्हणून की ‘खून’ म्हणून?

नोंदवही
मुंबईतल्या पोलीस गोळीबारात झालेल्या मृत्यूंची मराठी सूची करतो आहे. तारीख, ठिकाण, प्रकार आणि संदर्भ असे रकाने आहेत. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया (११ नोव्हेंबर २००६, वर्सोवा) या नोंदीपाशी अडलोय. २००६ च्या बातम्यांत सरळ ‘चकमकीत ठार’ आहे, २०१३ नंतर ‘बनावट चकमक’, २०२४ मध्ये ‘खून’. दोषींचा आकडाही जुळत नाही. कुठे २१, कुठे १३, कुठे १४. शिवाय ‘प्रकार’ या रकान्यात एकच शब्द मावतो. काय लिहू?

शिरस्तेदार
आधी आकडा, कारण तिथेच बहुतेक जण घसरतात. या प्रकरणात ‘१३’ तीन वेगवेगळ्या अर्थांनी येतो.

सत्र न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये २१ जणांना दोषी धरलं: १३ पोलीस आणि ८ खासगी व्यक्ती. आरोपी असलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा तेव्हा निर्दोष सुटले. अपिलं चालू असताना २१ पैकी दोघे वारले. उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ ला सहा खासगी व्यक्तींना सोडलं आणि उरलेल्या १३ जणांची शिक्षा कायम केली. हे १३ म्हणजे १२ पोलीस आणि एक खासगी व्यक्ती. त्याच निकालात शर्मांची सुटका रद्द होऊन त्यांना जन्मठेप झाली. म्हणजे एकूण दोषी १४, त्यातले पोलीस १२ अधिक शर्मा, पुन्हा १३! ताळा करून बघा: १३ + ६ + २ = २१. ‘१३ दोषी’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणते १३ आणि कोणत्या निकालातले, हे त्याच वाक्यात यायला हवं.

तारखांचंही तसंच. ५ जुलै २०१३ ला दोषी ठरवलं, १२ जुलैला शिक्षा सुनावली. दोन वर्तमानपत्रांत दोन तारखा दिसल्या म्हणून एक चूक ठरत नाही.

आता संदर्भ. २००६ ची बातमी टाकून देऊ नका, पण ती कशाचा पुरावा आहे ते ओळखा. त्या रात्रीच्या बातम्या पोलिसांच्या निवेदनावर लिहिलेल्या असतात, त्यामुळे चार वर्तमानपत्रांत तेच छापून आलं तरी मूळ एकच धरायचं. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द लावून ती पोलिसांच्या दाव्यासाठी वापरा. काय घडलं यासाठी उच्च न्यायालयाचं निकालपत्र. ते ८६७ पानांचं आहे, म्हणून पान नव्हे, परिच्छेद क्रमांक द्या. एक सावधगिरी बाळगा: निकालपत्राच्या सुरुवातीला ‘सरकार पक्षाचं म्हणणं’ आणि ‘बचाव पक्षाचं म्हणणं’ सविस्तर दिलेलं असतं. तिथलं वाक्य उचलून ‘न्यायालयाने म्हटलं’ असं लिहिणं ही फार वारंवार होणारी चूक आहे. निष्कर्षाचा भाग शोधा.

नोंदवही
आकड्यांचा गुंता सुटला, आभार. पण ‘प्रकार’?

शिरस्तेदार
एका रकान्याचे तीन करा: ‘प्रथम नोंद’, ‘चौकशीचा निष्कर्ष’, ‘न्यायालयीन निर्णय’. प्रत्येकाला तारीख. या प्रकरणात ते असं भरेल:

प्रथम नोंद: चकमक, पोलिसांचा दावा, ११ नोव्हेंबर २००६.
चौकशी: न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल, ऑगस्ट २००८, मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना.
न्यायालय: खून, २०१३ आणि २०२४.

मधल्या ओळीला फार महत्त्व आहे. त्या दिवशी दुपारी गुप्तांना वाशीहून उचललं आणि संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना नानी पार्कजवळ मृत्यू दाखवला गेला. त्यांच्या वकील भावाने गोळीबाराच्या आधीच पोलीस आयुक्तांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. म्हणून ताबा कधी सुरू झाला हा प्रश्न तारेवरच्या वेळेशी ताडून पाहता आला. तुमच्या सूचीतल्या इतर नोंदींनाही हाच प्रश्न लावा: शेवटचं मोकळं कधी, कुठे, कुणी पाहिलं?

एफआयआर दोन असतात हेही ध्यानात ठेवा. पहिला त्याच दिवशीचा, त्यात मृत व्यक्तीच आरोपी (सहसा खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७, आता भारतीय न्याय संहितेचं १०९). दुसरा पोलिसांविरुद्ध, इथे तो उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑगस्ट २००९ मध्ये दाखल झाला. गुन्हा रजिस्टर नंबर वर्षासकट लिहा, नाहीतर पहिल्याची कलमं दुसऱ्याला चिकटतात.

कात्रणवाला
शब्दांबद्दल थोडं. ‘बनावट चकमक’ नावाचा गुन्हा कायद्यात नाही, ते वर्णन आहे. ‘खून’ हा मात्र भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठातला ठरलेला शब्द (जुनं ३०२, नवं १०३) आणि ‘सदोष मनुष्यवध’ त्याहून वेगळा. ‘हत्या’ वर्तमानपत्री आणि मोघम. म्हणून शिक्षा झाली नसेल त्या नोंदीत ‘खून’ लिहू नये, ‘मृत्यू’ पुरे. शिक्षा झाली असेल तिथे मात्र ‘मृत्यू’ लिहून मवाळ करू नये. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेला तो शब्द आहे.

‘कुख्यात गुंड’ हे विशेषणही गाळा. दाखल गुन्हे असतील तर तसं लिहा.

नोंदवही
राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या आकड्यांशी सूची जुळवायची होती. आणि चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेल्या निर्देशांचं पालन झालं का, असा एक रकाना ठेवलाय.

शिरस्तेदार
आयोग ‘चकमकीतले मृत्यू’ आणि ‘पोलीस कोठडीतले मृत्यू’ वेगळे मोजतो, आणि प्रकरण येतं ते पोलिसांनी कळवलं त्या प्रकारात. पुढे न्यायालयाने वेगळं ठरवलं म्हणून त्यांच्या जुन्या तक्त्यातला आकडा स्वतः हलवू नका. तळटीप द्या.

२०१४ चा रकाना या नोंदीसाठी रिकामा ठेवा. पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा, घटना २००६ ची. तेव्हा लागू होतं ते आयोगाचं १९९७ चं आणि २००३ मध्ये सुधारलेलं मार्गदर्शन, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७६(१अ), जे २३ जून २००६ पासून अमलात आलं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी असं ते सांगत होतं. २०१४ नंतरच्या नोंदींना तो रकाना जरूर भरा: तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे गेला का, शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी केलं का, त्याचं चित्रीकरण झालं का, शस्त्रं तपासणीला जमा केली का.

कात्रणवाला
एक राहिलं. मुख्य साक्षीदार साक्षीआधी मार्च २०११ मध्ये बेपत्ता झाला आणि नंतर मृतदेह सापडला. त्याची स्वतंत्र नोंद करा. या खटल्याच्या दोषींशी तो मृत्यू जोडणारं वाक्य न्यायालयीन निष्कर्षाशिवाय लिहू नका.

नोंदवही
ठीक. शर्मांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाचं काय लिहू?

शिरस्तेदार
‘उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील’, आणि पुढे तुम्ही न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्थिती पाहिली तो दिवस. दर तिमाहीला ती तारीख बदलत चला.