मुलांसह घराबाहेर काढलेली बाई: रात्री कुठे न्यायची आणि पुढे काय?

सायली_प: नवऱ्याने आणि सासरच्यांनी बाहेर काढलेली बाई, सोबत १३ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि अंगावरचं बाळ. माहेरचा आधार नाही, कागदपत्रं सगळी सासरी. वस्तीगटाने पहिल्या रात्रीपासून काय करायचं? मुलांची ताटातूट होईल या भीतीनेच बायका मदत घ्यायला कचरतात.

रेवाकाठ: १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये (हिंसाचारग्रस्त बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) जागा मागा. तिथला मुक्काम साधारण ५ दिवसांचाच, त्यामुळे शक्ती सदनचा (जास्त दिवस राहता येणारं सरकारी योजनेतलं निवारागृह, पूर्वीचं स्वाधार गृह) अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या. पाचव्या दिवशी धावाधाव सुरू झाली की बाई थकून त्याच घरी परत जाते. महापालिकेच्या रात्र निवाऱ्यात नेण्याआधी बायका-मुलांची वेगळी सोय आहे का, ते विचारा.

पोलिसांत जबाब दिला तर सहीआधी तो तिला मोठ्याने वाचून दाखवा. 'घर सोडून आले' आणि 'घराबाहेर काढलं' यातला फरक पुढे कोर्टात फार महागात पडतो.

अंगणवाडीमागे: खरी अडचण थोरल्याची. शक्ती सदनात मुलगे साधारण १२ वर्षांपर्यंतच घेतात. वय लपवू नका, दाराशी गेल्यावर कळलं तर घाईत भलताच निर्णय होतो. आईला घेऊन आधीच बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) जा. अर्जात 'तात्पुरता मुक्काम, ताबा आईचाच, भेटीचे वार ठरवून द्यावेत' असं स्पष्ट लिहा. मूल सोडून देण्याच्या, म्हणजे अभ्यर्पणाच्या कागदावर सही नको. झालीच असेल तर फेरविचाराला २ महिने मिळतात. खोली भाड्याने घेतली की त्याच समितीकडे बालसंगोपन योजनेचा (मूल घरीच वाढवण्यासाठी सरकारी मदत) अर्ज करा, मुलामागे महिना २,२५० रुपये. शाळेचा दाखला नाही म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही.

वकिली_कट्टा: निवारा मिळाला म्हणून घरावरचा हक्क सोडू नका, ही चूक सर्रास होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ आणि १९ खाली त्याच घरात राहण्याचा आदेश किंवा पर्यायी घर, भाडं मागता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी दावा आपोआप संपत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय. सध्या ती जिथे आसऱ्याला आहे तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो (कलम २७). संरक्षण अधिकाऱ्याकडून (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) घरगुती घटना अहवाल, म्हणजे छळाची नोंद, भरून घ्या. नवऱ्याचं म्हणणं येण्याआधीच एकतर्फी अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश हवा तर कायद्याच्या नियमांतल्या नमुना ३ चं शपथपत्र जोडा. मागण्यांत आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, स्त्रीधन एकेक नावानिशी लिहा. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा.

सायली_प: आणि तोवर आधारचं काय?

रेवाकाठ: नंबर आठवत नसेल तर आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून शोधून मिळतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकांचं विहित नमुन्यातलं पत्र पत्त्यासाठी चालतं. साध्या लेटरहेडवरचं नेऊ नका, परत पाठवतात.