हस्तनिर्मित भेटवस्तूंचे संकेतस्थळ : लोक पाहून जातात, विकत घेत नाहीत

कागदवेडी यांचा प्रश्न :

नमस्कार. हाताने शिवलेल्या वह्या, कापडी बांधणीचे फोटो-अल्बम आणि सुई-दोऱ्याने नाव भरून दिलेली पुस्तकांची आवरणे मी गेली दोन वर्षे स्वतःच्या छोट्या संकेतस्थळावरून विकत आहे. वस्तू मीच बनवते, फोटो मीच काढते आणि पार्सलही मीच बांधते. गेल्या तीन महिन्यांत संकेतस्थळाला सुमारे ४,२०० भेटी मिळाल्या, त्यांपैकी १,९०० भेटी ‘वही कशी शिवावी’ या माझ्या एका लेखापुरत्याच होत्या. २१० वेळा कार्टमध्ये वस्तू टाकली गेली, १२० वेळा चेकआउट (पत्ता आणि पैसे भरण्याची पायरी) सुरू झाले आणि प्रत्यक्ष ऑर्डर आल्या ३८. ज्यांनी वस्तू घेतल्या त्यांचे अभिप्राय चांगले आहेत, त्यामुळे मालात खोट असावी असे वाटत नाही. एका परिचितांनी पान उघडताच दहा टक्के सवलतीची खिडकी दाखवण्याचा आणि खरेदीच्या बटणाचा रंग बदलून पाहण्याचा सल्ला दिला आहे; दुसऱ्यांच्या मते जाहिरातीवर अधिक खर्च करावा. पाणी नेमके कुठे मुरते आहे हे कळल्याशिवाय यांतले काहीच करू नये असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस यांचे उत्तर :

आपण आकडे दिलेत, हे फार बरे केलेत. प्रथम छेद, म्हणजे ज्या संख्येने भागायचे ती, दुरुस्त करू. वही कशी शिवावी हे शिकायला आलेला माणूस वही विकत घ्यायला आलेला नसतो, किंबहुना ती विकत घ्यावी लागू नये म्हणूनच तो आलेला असतो. त्या भेटी वजा केल्या की २,३०० उरतात आणि त्यांवर ३८ ऑर्डर म्हणजे दीड टक्क्याच्या थोडे वर. लहान दुकानासाठी यात खंत करण्यासारखे काही नाही.

गळती पुढे आहे. २१० पैकी १७२ वेळा कार्ट अर्धवट सोडले गेले, म्हणजे शंभरात जवळपास ८२ वेळा. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संशोधनसंस्था अनेक अभ्यासांची सरासरी काढून हे प्रमाण साधारण ७० टक्के असल्याचे सांगते. पुष्कळ लोक कार्टचा उपयोग आवडलेल्या वस्तू बाजूला काढून ठेवण्यासाठीच करतात, त्यामुळे तेवढी गळती जगरहाटी म्हणून सोडून द्यावी, पण त्यावरची गळती आपल्या दुकानाची आहे. त्याच संस्थेच्या सर्वेक्षणांत लोक मागे फिरण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणून पाठवणी, कर आणि शुल्क असा शेवटच्या क्षणी दिसणारा वाढीव खर्च सातत्याने पुढे येतो, आणि सक्तीने खाते उघडायला लावणे हेही वरच्या कारणांत असते. आपल्याकडे पाठवणीचा खर्च कोणत्या पानावर प्रथम दिसतो, आणि खाते न उघडता खरेदी करता येते का?

बटणाच्या रंगाबद्दल एवढेच सांगतो की, दोन रूपे निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवून तुलना करण्याइतकी वर्दळ आपल्याकडे नाही. विक्रीचे प्रमाण १.६५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर गेले, एवढी मोठी सुधारणा जरी पकडायची असली तरी संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांनुसार प्रत्येक रूपाला साधारण साडेचार हजार भेटी लागतात. दोन्ही मिळून झाल्या नऊ हजार, आणि आपल्या सध्याच्या गतीने त्याला जवळजवळ एक वर्ष लागेल. वर्षभर रंग तपासत बसण्यापेक्षा जे उघडउघड अडते आहे ते दुरुस्त करावे.

दोरागाठ यांचे उत्तर :

वरील हिशेब मला मान्य आहे, परंतु गळती कुठे आहे हे आकडे सांगतात आणि का आहे हे सांगत नाहीत. मी लाकडी पेट्या करून विकते. माझ्या संकेतस्थळात काही चुकते आहे हे मला आकड्यांवरून नव्हे, तर आत्याच्या शेजारी बसल्यावर कळले. तिच्या हातात फोन दिला, ‘मैत्रिणीसाठी यातले काहीतरी घे’ एवढेच सांगितले आणि मध्ये एक शब्दही बोलायचा नाही असे ठरवले. तिने पेटीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिले आणि विचारले, ‘ही केवढी असेल गं?’ माप पानावर होते, पण वर्णनाच्या सहाव्या ओळीत आणि सेंटिमीटरमध्ये. पेटी हातात धरलेला एकही फोटो मी टाकलेला नव्हता. पुढे कार्टमधून ती चेकआउटला गेली, तिथे अंक आणि चिन्ह असलेला पासवर्ड तयार करा अशी सूचना आली. तिने दोनदा प्रयत्न केला, आणि ‘उद्या करते’ म्हणून फोन खाली ठेवला. तो ‘उद्या’ बहुधा कोणाच्याच बाबतीत उगवत नाही.

संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली असे मांडले होते की, पाच जणांना वापर करताना पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. पाच हा आकडा नेमका किती पुरेसा आहे यावर नंतर बराच वाद झाला, पण आपल्यासारख्यांना पहिल्या दोघांतच महिनाभराचे काम मिळते.

आता मुख्य मुद्दा. आपले ग्राहक बहुतेक करून वही स्वतःसाठी घेत नसून कोणाला तरी देण्यासाठी घेत असतात, आणि वस्तू देणाऱ्याचे प्रश्न वस्तू वापरणाऱ्याच्या प्रश्नांपेक्षा वेगळे असतात. कागद किती जाडीचा आहे आणि टाके कोणत्या पद्धतीचे आहेत हे आपण प्रेमाने लिहितो, कारण आपला जीव त्यात असतो. घेणाऱ्याला मात्र वाढदिवसाच्या आधी ते पोहोचेल का, थेट त्याच्या पत्त्यावर पाठवता येईल का, आत किंमत लिहिलेला कागद निघणार नाही ना, खोका उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसेल आणि नावात चूक झाली तर कोण निस्तरणार, हे कळायला हवे असते. यांची उत्तरे ‘नेहमीचे प्रश्न’ नावाच्या वेगळ्या पानावर असतील तर ती नसल्यातच जमा. ती वस्तूच्या पानावर, किमतीच्या लगेच खाली हवीत.

त्यातही तारीख सर्वांत आधी. ‘पाच ते सात कामाच्या दिवसांत रवाना’ हे वाक्य बनवणाऱ्याच्या सोयीचे आहे. त्यात प्रवासाचे दिवस कोणी मिळवायचे, सुट्टीचे कोणी वजा करायचे? ‘आज ऑर्डर दिल्यास १४ तारखेपर्यंत हातात’ असे लिहिले की तो सगळा हिशेब ग्राहकाच्या डोक्यावरून उतरतो. दोन दिवस राखून तारीख द्यावी, कारण भेट एक दिवस लवकर आली तर कोणी रागावत नाही, पण एक दिवस उशिरा आली तर ती भेटच राहत नाही.

हस्तनिर्मितीबद्दलही एक अभ्यास येथे उपयोगी आहे. फुक्स, श्रायर आणि व्हान ऑसेलार यांचा २०१५ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये आलेला शोधनिबंध सांगतो की, हाताने केलेल्या वस्तूत बनवणाऱ्याचे प्रेम उतरलेले असते असे लोकांना वाटते आणि त्यासाठी ते यंत्रावर बनलेल्या वस्तूपेक्षा १७ टक्क्यांपर्यंत अधिक मोजायला तयार होतात. मला त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो : भेट जवळच्या माणसासाठी असेल तेव्हा हा परिणाम विशेष दिसतो, दूरच्या ओळखीसाठी असेल तेव्हा दिसत नाही. त्यामुळे आई, जोडीदार, मैत्रीण यांच्यासाठीच्या वस्तूंच्या पानावर आपले हात, सुई, अर्धवट शिवलेली वही हे सगळे दाखवावे. एखाद्या कार्यालयाला सहकाऱ्यांसाठी तीस वह्या हव्या असतील तर त्यांना हातांचे फोटो नकोत, तिथे नग, तारीख आणि पावती यांचाच विषय काढावा.

झटपट यांचे उत्तर :

सवलतीच्या खिडकीला सगळे नाके मुरडणार हे ठाऊक असूनही लिहितो. तिच्यामुळे ईमेल पत्ते मिळतात. आज न घेणारा माणूस दोन महिन्यांनी कोणाच्या तरी वाढदिवसासाठी भेट शोधणारच असतो आणि तेव्हा आपले नाव त्याच्यासमोर यायला हवे. नुसती चांगली वस्तू ठेवून वाट पाहत बसल्याने दुकान चालत नाही.

हिशेबनीस यांचे उत्तर :

पत्ते गोळा करण्याला माझा विरोध नाही, वेळेला आहे. माणूस अजून वस्तू पाहतोही आहे तोच किंमत कमी करण्याची भाषा केली, तर मूळ किंमत फुगवलेली असावी असा त्याचा समज होतो. शिवाय जे ३८ जण पूर्ण किंमत देऊन घेऊन गेले, तेही ती सवलत घेतील. यंत्रावर माल काढणारा कमी नफ्यावर जास्त नग विकून ती तूट भरून काढतो, परंतु एका माणसाचे हात महिन्याला ठरावीकच वह्या शिवतात, त्यामुळे इथे सवलत थेट मजुरीतून जाते. ऑर्डर पूर्ण झाल्यावरच्या पानावर ‘पुढच्या वाढदिवसाची आठवण करून देऊ का?’ असे विचारून पत्ता घ्यावा. तो पत्ता अधिक कामाचा असतो.

काही द्यायचेच असेल तर पाठवणीचा खर्च किमतीतच धरून ‘पाठवणी मोफत’ असे लिहावे. शँपनिए, मझार आणि एरिअली या संशोधकांनी २००७ साली प्रयोगांतून दाखवले की, ‘मोफत’ या शब्दाची ओढ नुसत्या स्वस्ताईच्या हिशेबात बसत नाही, तिच्यापेक्षा बरीच मोठी असते. मात्र आपल्या सर्वांत लहान वस्तूची किंमत त्यामुळे विचित्र दिसणार नाही ना, हे आधी ताडून पाहावे. तशी दिसत असेल तर खर्च वेगळाच ठेवा, पण तो वस्तूच्या पानावरच सांगा.

कागदवेडी :

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देताना मलाच ओशाळल्यासारखे होत आहे. पाठवणीचा खर्च संपूर्ण पत्ता भरल्यानंतरच दिसत होता. खाते उघडणे सक्तीचे होते, आणि ते मी ठरवलेलेही नव्हते, दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच तशी खूण होती आणि ती काढायचे मला दोन वर्षांत सुचले नाही. फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच, प्रत्येकी पाच एमबीचे, चढवलेले होते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष असल्याचे वाचले, तेव्हा माझ्या फोनवर घड्याळ लावून पाहिले आणि बाराव्या सेकंदाला अल्बम दिसला. आता फोटो सोळाशे पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात ठेवले आहेत.

वहिनीला शेजारी बसवूनही पाहिले. तिने माप विचारले नाही, चेकआउटलाही अडखळली नाही. शेवटच्या पानावर मात्र ती थांबली आणि म्हणाली, ‘हे थेट माझ्या मैत्रिणीकडे जाणार असेल तर आत बिल घालणार आहात का?’ मी आजवर प्रत्येक पार्सलमध्ये, सर्वांत वर, किंमत छापलेली पावती घालत आले आहे. किती जणांच्या भेटी अशा उघडल्या गेल्या असतील, याचा विचार नको वाटतो. आता पावती फक्त ईमेलने जाते आणि तसे कार्टच्या पानावर लिहिले आहे.

या आठवड्यात चार ऑर्डर आल्या, परंतु एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मी शिकले आहे. एक शंका उरली आहे. नाव भरलेल्या आवरणाला साध्यापेक्षा तीन दिवस अधिक लागतात. मग सर्वांसाठी उशिराची एकच तारीख द्यावी, की दोन वेगवेगळ्या?

दोरागाठ :

दोन द्याव्यात. साध्या आवरणासाठी घाईने आलेला ग्राहक नावाच्या कामाची तारीख वाचून उगाच परत जाईल. नाव लिहिण्याचा चौकोन भरताच तारीख बदलावी, अशी सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर उत्तम. नसेल तर ‘नावाशिवाय ११ तारखेपर्यंत, नावासह १४ पर्यंत’ अशा दोन ओळी त्या चौकोनाच्या अगदी वर लिहाव्यात. आणि नाव भरायला घेण्यापूर्वी ते जसेच्या तसे ग्राहकाला ईमेलने पाठवून होकार घ्यावा, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीपायी मला एक संपूर्ण पेटी पुन्हा करावी लागली होती.