ट्रान्समीटर असताना नळीचा प्रेशर गेज काढून टाकावा का?

प्रश्न

नमस्कार. गेली दोन वर्षे मी पाण्याखाली डायव्हिंग करताना हवेच्या सिलिंडरमधला दाब वायरलेस ट्रान्समीटरमार्फत मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर पाहतो. सोबत नळीचा जुना प्रेशर गेजही ठेवला आहे. मागच्या आठवड्यात १८ मीटर खोलीवर असताना दाबाच्या आकड्याच्या जागी अचानक नुसत्या रेघा दिसू लागल्या आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने आकडा आपोआप परत आला. गेजवर ११० बार दिसत होते म्हणून मी शांत राहिलो. सोबतचे डायव्हर म्हणतात की, नळी काढून टाका, लोंबणारी एक वस्तू कमी होईल. हा ट्रान्समीटर बिघडत चालला आहे, की असे होतच असते?

प्रतिसाद १

आपण वर्णन केलेले लक्षण बिघाडाचे वाटत नाही; संदेश पोहोचण्यात खंड पडला, एवढेच त्यावरून दिसते. उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात काही सेंटीमीटरांतच विरतात, म्हणून ब्लूटूथ तेथे निरुपयोगी ठरते आणि हे ट्रान्समीटर फार कमी वारंवारतेवर, पुष्कळदा ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, काम करतात. त्यांचा पल्ला जेमतेम मीटर-दीड मीटर असतो आणि संदेश दर काही सेकंदांनी एकदाच जातो. मध्ये आपले शरीर किंवा सिलिंडर आले, अथवा कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा पाण्याखालच्या स्कूटरची मोटर जवळ चालू असली, की लागोपाठ काही संदेश हुकतात आणि रेघा दिसतात. त्या अर्ध्या मिनिटात आपला हात कोठे होता, हे आठवून पाहा.

खंड किती महागात पडतो, याचा हिशेबही करून ठेवावा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा डायव्हर १८ मीटरवर, म्हणजे २.८ बार दाबाखाली, ५६ लिटर घेतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ही घट मिनिटाला साधारण पावणेपाच बार होते. तेव्हा अर्ध्या मिनिटात आपले अडीच बारही गेले नाहीत. पाच मिनिटे आकडा आला नसता आणि गेजही नसता, तर मात्र डाइव्ह तेथेच संपवणे हाच योग्य निर्णय ठरला असता.

प्रतिसाद २

खंडाविषयी वरील मताशी मी सहमत आहे, परंतु खरा बिघाडही होतो आणि तो मी अनुभवला आहे. बॅटरी बदलताना झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर, वाळूचा एक कण राहिला होता. २२ मीटरवर आकडा गेला तो परत आलाच नाही. माझ्याजवळ दुसरा गेज नव्हता, म्हणून बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, खूण करून आम्ही दोघे वर आलो. झाकण उघडले तेव्हा आत थेंबभर खारे पाणी होते आणि स्प्रिंगवर हिरवट थर चढू लागला होता. तेव्हापासून मी झाकण बसवण्यापूर्वी ओ-रिंग उजेडात धरून बोटाने चाचपून पाहतो आणि बॅटरी उतरल्याची सूचना येण्याची वाट न पाहता ती आधीच बदलतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: ट्रान्समीटरला धरून सिलिंडर कधीही उचलू नका. तो मुठीत छान बसतो, म्हणूनच ही चूक वारंवार होते.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. आठवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की ट्रान्समीटर उजव्या बाजूला आहे, कॉम्प्युटर डाव्या मनगटावर आहे आणि त्या वेळी त्याच हातात फ्लॅश लावलेला कॅमेरा लांब धरलेला होता. पुढच्या वेळी कॉम्प्युटर उजव्या हाताला बांधून पाहीन.

प्रतिसाद ३

तसे जरूर करून पाहा, पण नळी काढण्याची घाई करू नका. पाण्यात उतरण्यापूर्वी गेजकडे पाहत तीन-चार दमदार श्वास घेतले की, व्हॉल्व्ह नीट उघडलेला नसल्यास काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत वर येतो. ट्रान्समीटरचा आकडा काही सेकंदांनी बदलत असल्याने दोन संदेशांच्या मध्ये झालेली ही हालचाल त्यात निसटू शकते. पुढे कधी नळी काढलीच, तर ही तपासणी करताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आहे ना, हे हाताने फिरवून पाहावे, आणि आकड्याकडे निदान अर्धा मिनिट टक लावून श्वास घेत राहावे. गेजमध्येही दोष येतात, काटा अडकतो, हे खरे आहे. म्हणूनच मी दोन्ही बाळगतो आणि दर डाइव्हच्या सुरुवातीला दोहोंचे आकडे ताडून पाहतो. आपल्या दोन्ही आकड्यांत नेहमी किती बारांचा फरक असतो, तो एकदा टिपून ठेवा; हा फरक बदलू लागला, तर दोहोंपैकी एकाची तपासणी करून घ्यायला हवी, असे समजावे.