चादरीची वीण पियानोवर उतरते का?

पूर्वभागातली: पियानोच्या क्लासमध्ये काम मिळालंय, एखाद्या दृश्यकलेवरून छोटी रचना करायची. माझं मत स्पष्ट आहे. चित्रात काय दिसतं ते सुरांत सांगत बसू नये, ते ज्या तंत्रानं घडलं ते तंत्र उचलावं. मी आपली सोलापुरी चादर घेतली. जकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागाच्या कार्डावरची भोकं कुठला धागा वर येणार ते ठरवतात. सरळ बाजूला जो रंग जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या पार्श्वभूमीचा, तोच उलट बाजूला नक्षीचा. म्हणून डाव्या हाताला जमीन दिली, उजव्याला नक्षी, आणि मध्यावर दोघांची अदलाबदल केली. खर्जात गेल्यावर तीच नक्षी अनोळखी वाटते. चादर उलटून पाहिली नसती तर हे सुचलंच नसतं.

खर्ज: ताई, वरची सुरावट खाली आणि खालची वर नेणं बाख या जर्मन संगीतकारानं अठराव्या शतकातच करून ठेवलंय, त्याला चादर लागली नाही. मुसोर्गस्की या रशियन संगीतकारानं १८७४ मध्ये हार्टमन या दिवंगत मित्राच्या चित्रांवरून पियानोसाठी मालिका लिहिली. त्यातली बहुतेक चित्रं आज हरवलीत, संगीत मात्र जगभर वाजतं. चित्र निमित्तापुरतं असतं, बाकी सगळं सुरांनीच पेलायचं.

रंगखातं: दादा, नाही पटत. मी सूत रंगवण्याच्या कामात आहे. तोच रंग, तीच कृती, तरी दोन लॉट तंतोतंत जुळत नाहीत. आमच्याकडे असा माल परत येतो. मॉर्टन फेल्डमन या अमेरिकन संगीतकाराला मात्र जुन्या गालिच्यांतला हाच फरक भावला. त्याच्या १९८१ च्या ‘ट्रायडिक मेमरीज’मध्ये एकटा पियानो तासाहून जास्त वेळ तेच आकृतिबंध घोळवत राहतो, किंचित बदलत. ही नजर त्याला गालिच्यांनी दिली. याला निमित्त म्हणता येणार नाही.

खर्ज: फेल्डमनचं मान्य, कारण तो फरक कानाला कळतो. ताईंची अदलाबदल कानाला कळत असेल तर चादरीचं नाव कशाला? आणि कळत नसेल तर नाव देऊनही उपयोग नाही. शीर्षकातून चादर काढा आणि मग लोकांना ऐकवा.

पूर्वभागातली: शीर्षक काढते, हरकत नाही. पण पेडलचं काय? उजवा पेडल दाबून ठेवला की सूर रेंगाळतात, जमीन आणि नक्षी एकमेकांत मिसळतात. चादरीत कडा स्वच्छ लागतात, म्हणून अख्ख्या रचनेत पेडल नाही. नुसत्या कानावर विसंबले असते तर मी तो हमखास वापरला असता, कारण त्याशिवाय आवाज कोरडा होतो. हा कोरडेपणा मला चादरीमुळे सापडला आणि आता तोच हवाय.

खर्ज: पेडलशिवाय? ते ऐकायचंय. रेकॉर्डिंग टाका. मत अजून बदललेलं नाही.