पावसाच्या बातम्यांतील ‘अलर्ट’ नेमका कोणाचा आणि कोणासाठी?

वेदगंगाकाठ (निपाणी) :
आमच्याकडे सकाळी एक वृत्तपत्र कोल्हापूर आवृत्तीचे येते आणि एक बेळगावचे. पावसाळ्यात पहिल्यात ‘कोल्हापूरला रेड अलर्ट’ आणि दुसऱ्यात ‘बेळगाव जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट’ असे मथळे एकाच दिवशी वाचायला मिळतात. त्यातच आतल्या पानावर ‘यंत्रणा हाय अलर्टवर’ अशी आणखी एक बातमी असते. हे तिन्ही अलर्ट एकाच मापाचे आहेत का? नदीकाठी शेत आणि गोठा असणाऱ्याने यांतला कोणता प्रमाण मानावा? पंचगंगेच्या बातमीत ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ हे शब्द रुळलेले असताना पावसालाच अलर्ट का लागतो, हेही जाणकारांनी सांगावे.

घाटमाथा (खानापूर) :
रंगांचे अलर्ट हवामान विभागाचे असतात, ‘हाय अलर्ट’ मात्र त्या विभागाच्या वर्गवारीत कोठेच नाही. तो पोलीस आणि प्रशासनाच्या बोलीतून आलेला शब्द आहे. एक नोव्हेंबरला सीमाभागातील मराठी भाषक पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीसाठी बंदोबस्त वाढवला, तरी बातमीत तोच शब्द येतो.

रंगांच्या बाबतीत एक गंमत आहे. हवामान विभागाच्या मूळ इंग्रजी वर्गवारीत पिवळ्या रंगाचा अर्थ ‘लक्ष ठेवा’, नारिंगीचा ‘तयार राहा’ आणि लालचा ‘कृती करा’ असा असून, अलर्ट हा शब्द त्यांपैकी फक्त नारिंगीपुढे लिहिलेला असतो. लालसाठी तेथे ‘वॉर्निंग’ आहे. वृत्तपत्रांनी तिन्हींना सरसकट अलर्ट म्हटल्यामुळे पायरी दाखवण्याचे सगळे काम एकट्या रंगावर येऊन पडले. ज्याला रंगांचा क्रम ठाऊक नाही, त्याला यलो अलर्ट आणि रेड अलर्ट सारखेच ऐकू येतात. पावसाच्या भाषेत ढोबळमानाने सांगायचे तर चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस होय. मात्र रंग ठरवताना निव्वळ आकडा नव्हे, तर संभाव्य परिणाम आणि शक्यताही विचारात घेतली जाते.

दुसरी अडचण जिल्ह्याच्या आकाराची आहे. कणकुंबी, आमगाव, जांबोटी या पट्ट्यात कोसळणारा पाऊस आणि अथणीकडचा पाऊस यांची तुलनाच होऊ शकत नाही, तरीही मथळ्यात ‘बेळगाव जिल्हा’ एवढेच असते. आमच्याकडे चिखलणी थांबवून घरी बसण्याजोगा दिवस असतो, तेव्हा अथणीचा शेतकरी ढगांकडे पाहत असतो. उपसंपादकाने तालुक्यांचा उल्लेख एका ओळीत केला, तरी पुष्कळ घोटाळा टळेल.

जुना वाचक (बेळगाव) :
मथळ्याची जागा तोकडी असते आणि ‘रेड अलर्ट’ दोन शब्दांत बसतो, हे वृत्तपत्रांचे म्हणणे मान्य करायला हरकत नाही. माझा आक्षेप बातमीच्या मजकुराला आहे. इशारा कोणत्या केंद्राने दिला आणि तो कधीपर्यंत लागू आहे, हे अनेकदा लिहिलेलेच नसते. पावसाचा दिवस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंत मोजला जातो. आदल्या दुपारचे पत्रक सकाळच्या अंकात ‘आज’ या शब्दाने छापले, की वाचकाचा हिशेब चुकतोच.

घाटमाथा (खानापूर) :
सहमत. त्यात आणखी भर अशी, की कोल्हापूरचा इशारा मुंबईच्या केंद्राकडून आणि बेळगावचा बेंगळुरूच्या केंद्राकडून येतो. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी वेगळे रंग दिसले, तर त्यात कोणा वार्ताहराचा दोष नाही.

दूधगंगाकाठ (कारदगा) :
मूळ प्रश्नातील शेत आणि गोठ्याचा मुद्दा मागे पडू नये. निपाणी तालुक्यातील नदीकाठाने स्वतःच्या जिल्ह्याच्या रंगापेक्षा कोल्हापूरचा रंग आधी पाहावा, असे माझे मत आहे. वेदगंगेचे पाणी भुदरगडातील पाटगाव धरणाकडून आणि दूधगंगेचे राधानगरी तालुक्यातील काळम्मावाडीकडून येते. आपल्याकडे चक्क ऊन पडलेले असताना जत्राट-भिवशी किंवा कारदगा-भोज बंधारा पाण्याखाली गेल्याचे आपण सर्वांनीच पाहिले आहे. पावसाचा अलर्ट आकाशाबद्दल बोलतो; नदीबद्दल बोलते ती धरणातून सोडलेल्या विसर्गाची बातमी आणि राजाराम बंधाऱ्याची 39 फुटांची इशारा व 43 फुटांची धोका पातळी. तीही पंचगंगेची असल्यामुळे आपल्याला केवळ अंदाजापुरतीच उपयोगी पडते. वेदगंगा-दूधगंगेचा विसर्ग बातमीत क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) दिलेला असतो, तो आदल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहावा. वाढ मोठी दिसली, तर जनावरे हलवण्यासाठी कोणत्याही रंगाची वाट पाहू नये.

वेदगंगाकाठ (निपाणी) :
सर्वांचे आभार. कोल्हापूरचे वृत्तपत्र आधी उघडायचे, हे आता ठरले. बेळगावच्या अंकात तालुक्यांचा आणि मुदतीचा उल्लेख असावा, असे पत्र मी संपादकांना लिहीत आहे; ‘जुना वाचक’ यांनी त्यावर सही करण्याची तयारी दाखवावी, ही विनंती.